खोल समुद्रातलं काम आणि खान्देशची माणसं

गेल्या अंकात समुद्रातल्या तेलक्षेत्रावर काम करणाऱ्यांच्या तब्येतीबद्दल प्रश्न मागवले होते. भुसावळ-सुरत गाडीने हजिरा, अंकलेश्वरला जाणारी आणि तिकडून उरण, मुंबईच्या ठेकेदारांकडे लागणारी बरीच पोरं आपल्या तिन्ही जिल्ह्यांतली आहेत, हे आलेल्या पत्रांवरून दिसलं. कंपनीच्या कायम नोकरांचं एकही पत्र आलं नाही. आली ती वेल्डर, रंगारी, हेल्पर आणि त्यांच्या घरच्यांची. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी यावल तालुक्यातला. मुलगा मे महिन्यात ४५ अंशांत केळीच्या बागेत दिवसभर राबतो, त्याला कधी काही झालं नाही. बार्जवर (कामगारांच्या राहण्या-कामाच्या सपाट जहाजावर) तापमान ३३ होतं म्हणतात, वारंही होतं. तरी तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडला. मुकादम म्हणतो नाटक करतो. खरं काय?

मुकादमाचं म्हणणं चूक आहे. शरीर थंड होतं ते घाम सुकल्याने, नुसत्या घामाने नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की जो आकडा मिळतो तो इथे महत्त्वाचा. यावलला ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तेव्हा हा आकडा साधारण २४ येतो. समुद्रावर ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तो ३० वर जातो. म्हणजे शरीराच्या हिशेबाने समुद्रावरचे ३३ अंश आपल्या मेपेक्षा जड. त्यात अंगात आगरोधक जाड कव्हरऑल, पायात गमबूट, खाली तापलेला लोखंडी डेक. घाम निथळतो, पण सुकत नाही.

कामाची जागा तपासताना ऊन, आर्द्रता आणि वारा एकत्र मोजणारा डब्ल्यूबीजीटी हा आकडा घेतात. मध्यम कष्टाचं काम सलग करायचं तर सराव झालेल्या माणसासाठी त्याची मर्यादा २८ आणि नवख्यासाठी २५ धरली जाते. खान्देशात घाम गाळायची सवय असलेल्याला थोडा फायदा असतो, पण दमट हवेचा सराव वेगळा करावा लागतो. शिवाय आठवडाभर सुट्टीवर घरी राहिलं की सराव उतरायला लागतो, म्हणून २८ दिवस काम आणि २८ दिवस सुट्टी असलेला जुना कामगारही परतल्यावर अर्धा नवखाच असतो.

नियम असा : पूर्ण नवख्याला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाळीच्या २० टक्केच, मग रोज २० टक्क्यांनी वाढवायचं. आधी काम केलेल्याला परतल्यावर पहिल्या दिवशी ५०, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० टक्के, चौथ्या दिवशी पूर्ण. प्रत्यक्षात बार्जवर पहिल्याच सकाळी बारा तासांची पाळी लावतात, आणि पडतो तो नेमका पहिल्या तीन-चार दिवसांत. मुलाने पाळी सुरू होण्याआधीच्या बैठकीत 'मी नवीन आहे' असं सांगून पहिले दिवस सावलीतलं किंवा आतलं काम मागावं. तोंडी सांगितलेलं तिथल्या नोंदवहीत लिहून घ्यायला लावावं.

पाणी दर १५-२० मिनिटांनी एक पेला, सुमारे २५० मिली. तासाला दीड लिटरच्या वर नको, त्याने रक्तातलं मीठ उतरतं. मिठाच्या गोळ्या नकोत. घाम फार गेला तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणात, म्हणजे मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. लघवी गर्द पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. एनर्जी ड्रिंकने तहान भागल्यासारखी वाटते एवढंच. खिशातला कांदा असला तर असू द्या, तो पाण्याची जागा घेत नाही.

माणूस बरळू लागला, चाल अडखळली, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात. आधी जागेवरच थंड करा : कपडे सैल, थंड पाण्याचा मारा, पंखा, मान-काख-जांघेत बर्फ. मग हलवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : धडगावहून लिहितो. माझा भाचा पावरा समाजाचा, आयटीआय झालेला वेल्डर. सिकलसेल तपासणीत 'वाहक' निघाला. ठेकेदाराला कळलं तर घेणार नाही म्हणून तो लपवायचं म्हणतो. लपवावं का?

लपवू नये, पण त्याआधी वाहक (सिकलसेलचं जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलेला) आणि रुग्ण (दोघांकडून आलेला) यांतला फरक ठेकेदाराच्या डॉक्टरला नीट सांगावा लागेल. दोन्हींना एकच समजून दोघांनाही नाकारणं हा या भागातल्या पोरांवर होणारा सर्वांत सोपा अन्याय आहे.

आधी अहवाल बघा. गावच्या शिबिरात होते ती विद्राव्यता चाचणी. ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीनेच ठरतं. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही तपासणी सरकारी दवाखान्यामार्फत होते. पक्का अहवाल नसेल तर आधी तो घ्या.

रुग्ण असेल तर समुद्रातलं काम नको, असंच आमचं मत आहे. पाणी कमी पडणं, थंड एसी, साधा ताप, यांतल्या कशानेही दुखण्याची लाट येऊ शकते. तिला रक्त, ऑक्सिजन, सलाईन लागतं आणि तेही तासांच्या आत. पावसाळ्यात हेलिकॉप्टर उडेलच असं नाही. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय उत्तर प्लॅटफॉर्मला (समुद्रात उभ्या केलेल्या तेलविहिरींच्या मचाणाला) आग लागली आणि २२ जीव गेले, तिची सुरुवातच जवळच्या जहाजावरच्या एका जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवण्यापासून झाली होती. हवा खराब, हेलिकॉप्टर बंद, म्हणून ते जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणलं, ते वायूच्या उभ्या नळीवर आदळलं. समुद्रावर साधं दुखणंही साधं राहत नाही, हे वैद्यकीय तपासणी कडक असण्यामागचं कारण आहे. रुग्णाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं संरक्षण आहे, किनाऱ्यावरच्या यार्डातलं काम त्याने जरूर मागावं.

वाहक मात्र बहुतेक कामं करू शकतो. धोका एकच ठळक : सवय नसताना, गरमीत, पाणी न पिता एकदम जोर लावला तर स्नायू फुटू लागतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. साधा वांब आला तर स्नायू दगडासारखा कडक होतो आणि माणूस ओरडतो. वाहकाच्या बाबतीत मांड्या-कंबर दुखतात, स्नायू मऊच असतो, पाय गळून माणूस खाली बसतो आणि नीट बोलतोही. मुकादमाला ते कामचुकारपणासारखं दिसतं. 'थोडं चालव, सुटेल' म्हणून उठवलं तर जीव जाऊ शकतो. काम लगेच थांबवणं, ऑक्सिजन, अंग थंड करणं, पाणी, आणि लघवी काळ्या चहासारखी दिसली तर लगेच बाहेर काढणं. हे जहाजावरच्या मेडिकला (तिथे उपचार करणाऱ्याला) आधीच माहीत असलं पाहिजे, म्हणूनच लपवू नये असं म्हटलं.

नोंद मेडिककडे बंद पाकिटात द्यावी, ठेकेदाराच्या कारकुनाकडे नको. यादीवर 'फिट' किंवा 'अटींसह फिट' एवढंच जायला हवं. पाणबुड्याचं काम त्याने घेऊ नये.

प्रश्न : माझे मालक चार वर्षं बार्जवर फिटर आहेत. घरी आले की टीव्हीचा आवाज वाढवतात, लेकीचं बोलणं ऐकू येत नाही, भावाचं येतं. सोबत ठेकेदाराचा 'कान ठीक' असा कागद आहे. : एक बहीण, चोपडा

ताई, लेकीचा आवाज ऐकू न येणं आणि भावाचा येणं, हीच खूण आहे. आवाजाने कान जातो तो उंच सुरांच्या बाजूने. मोजणीत ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो. 'कान ठीक' असा शिक्का असलेला कागद कामाचा नाही, कागदावर आलेख पाहिजे : ५०० पासून ८००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक कानाचे आकडे. कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करून घ्या. कामावरून आल्या दिवशी नको, किमान १४-१६ तास शांततेत गेल्यावर करा. तेवढ्यात तात्पुरता बधिरपणा उतरतो आणि खरा आकडा मिळतो. मग नोकरी लागतानाचा आलेख मागवा. २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झच्या आकड्यांची सरासरी त्यापेक्षा १० डेसिबलने किंवा जास्त बिघडली असेल तर कामाची जागा बदलायची वेळ झाली. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, उरलेलं राखता येतं.

आपल्याकडचा कारखान्यांचा नियम ८ तासांना ९० डेसिबल धरतो आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा करतो. १२ तासांच्या पाळीला हीच मर्यादा ८७ वर येते. अमेरिकेतल्या निऑश या संशोधन संस्थेची शिफारस ८ तासांना ८५, म्हणजे १२ तासांना सुमारे ८३. जनरेटर खोलीत आणि गंज काढायच्या हत्याराजवळ आवाज १०० च्या पुढे सहज जातो. बार्जवर आणखी एक अडचण असते : झोपायची खोली इंजिनच्या वरच, त्यामुळे पाळी संपली तरी कानाला विसावा मिळत नाही. थिनरमधलं टोल्युइन हुंगणाऱ्याचा कान आवाजाने लवकर जातो.

फोमचे बोळे वापरत असतील तर कोरड्या, स्वच्छ हातांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. बोळ्याचं टोक समोरून पाहणाऱ्याला दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही. आवाज ३० डेसिबलने कमी करणारा बोळा ८ तासांत फक्त अर्धा तास काढून ठेवला तर हाती उरतं सुमारे १२ डेसिबलचं संरक्षण. बोलायला म्हणून बोळा काढणं बहुतेकांना महाग पडतं ते यामुळे.

आवाजाने आलेलं बहिरेपण कामगार नुकसानभरपाईच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. पहिला आणि आजचा, दोन्ही आलेख जपून ठेवा.

प्रश्न : ठेकेदाराने मेडिकल, हेलिकॉप्टर प्रशिक्षण आणि सेफ्टी बुटाचे पैसे पगारातून कापले. मूळ आयटीआय प्रमाणपत्रही ठेवून घेतलं. : अमळनेर

कापता येत नाहीत. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सुरक्षा आणि आरोग्यासाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचे पैसे, वैद्यकीय तपासणीसुद्धा, कामगाराकडून घेऊ नयेत असं आहे. नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. ४० वर्षांवरच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी मिळणार असंही सरकारने जाहीर केलं आहे.

मूळ प्रमाणपत्र कोणालाही देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. तपासणीच्या दिवशी मोबाईलमध्ये सगळ्या अहवालांचे फोटो काढून घ्या : छातीचा एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुंकून होणारी फुप्फुसाची मोजणी), ईसीजी, ऑडिओमेट्री, साखर, रक्तदाब, रंगदृष्टी. ठेकेदार बदलला की जुनी फाईल नाहीशी होते आणि दहा वर्षांचा वेल्डर दर वेळी 'नवीन' ठरतो. मग फुप्फुस कधी बिघडलं हे सिद्ध कसं करणार? आणि एचआयव्ही चाचणी ही नोकरीची अट करता येत नाही, २०१७ च्या कायद्याने ती बंद आहे.

प्रश्न : मुलाला सतरावं चालू आहे. हेल्पर म्हणून न्यायला तयार आहेत, आधार 'दुरुस्त' करू म्हणतात. : शिरपूर

पाठवू नका. खाणी, ज्वालाग्राही पदार्थ आणि धोक्याच्या प्रक्रिया यांत १८ च्या आतल्या मुलाला कामाला लावणं गुन्हा आहे. वय खोटं लिहिलं की अपघातानंतर भरपाईच्या दाव्यात पहिला वाद त्यावरच होतो.

प्रश्न : दाढी काढल्याशिवाय घेत नाहीत. आमच्यात दाढी ठेवतात. सवलत मिळेल का? : शहादा

चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागणाऱ्या कामात सवलत मागू नका. समुद्रातल्या वसई वायूक्षेत्रातल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आहे, तो हजिऱ्याला आणून साफ करतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तो थोड्या प्रमाणाला. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस आत शिरतो. ५०० च्या पुढे काही मिनिटांत कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड, खालच्या डेकवर आणि टाकीत साचतो. गजर १० पीपीएमला होतो, तेव्हा मास्क काही सेकंदांत बसला पाहिजे आणि दोन-तीन दिवसांची खुंटंही सील तोडतात. दाढी ठेवायचीच असेल तर भांडारात, स्वयंपाकघरात किंवा किनाऱ्यावर काम मागा. चेहऱ्याला न चिकटणारे हवेच्या दाबाचे हूड असतात, पण पळ काढायच्या वेळी हाताशी येतो तो साधा मास्कच.

प्रश्न : मी जळगावची, इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर. प्लॅटफॉर्मवर जायची संधी आहे. घरचे नाही म्हणतात, कंपनी हो म्हणते. काय विचारून घेऊ?

कायद्याने आता अडवणूक नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ६ च्या पाळीला तुमची संमती हवी एवढंच. विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. कव्हरऑल, हातमोजे, हार्नेस तुमच्या मापाचे आहेत का? मोठ्या मापाचा हातमोजा फिरत्या यंत्रात अडकतो. मास्कची फिट टेस्ट (तो घट्ट बसतो का याची चाचणी) तुमच्या चेहऱ्यावर घेतली का? मध्यम मापाचा मास्क सगळ्यांना बसतो असं भांडारवाले धरून चालतात. स्वतंत्र खोली आणि आतून बंद होणारं स्वच्छतागृह आहे का? पाणी कमी पिऊन लघवी रोखणं हे बायकांच्या मूत्रमार्गाच्या संसर्गाचं आणि उष्णतेच्या त्रासाचं मोठं कारण असतं.

दिवस गेल्याची शंका आल्यावर मात्र वाट पाहू नका. बेन्झीन, रेडिओग्राफीचं काम आणि हेलिकॉप्टरमधून पाण्याखाली सुटकेचं प्रशिक्षण, तिन्ही तेव्हापासून बंद. किनाऱ्यावर बदली लेखी मागा. मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि त्या काळात काढून टाकता येत नाही.

प्रश्न : आमच्या गावची सहा पोरं रंगकामाला जातात. ठेकेदार रोज दूध आणि गूळ देतो, म्हणतो छाती साफ राहते. : नंदुरबार

दूध-गूळ खाऊ द्या, पोटाला बरं. छातीत गेलेला रंग त्याने निघत नाही आणि मास्कचा खर्च वाचवायचा तो स्वस्त मार्ग आहे. रंगाआधी गंज काढायला वाळू मारतात का, हे आधी विचारा. वाळूतल्या सिलिकाने फुप्फुस कायमचं कडक होतं. वाळूऐवजी कॉपर स्लॅग (तांब्याच्या भट्टीतली मळी) किंवा गार्नेट या खड्याचे कण वापरायला हवेत, आणि मारणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारं हेल्मेट. इपॉक्सी रंग कातडीला खाज आणतो, दोन भाग मिसळून लावतात त्या पॉलियुरेथेन रंगातल्या आयसोसायनेटने दमा होतो. एकदा झाला की अगदी थोड्या वासानेही धाप लागते, मग ते काम कायमचं सोडावं लागतं.

कापडी मास्क किंवा एन-९५ रंगाची वाफ अडवत नाही. युरोपी खुणेप्रमाणे सेंद्रिय वाफेला तपकिरी पट्ट्याचा कार्ट्रिज लागतो, फवारा असेल तर पांढऱ्या पट्ट्याच्या धूळगाळणीसोबत. वास आत येऊ लागला की कार्ट्रिज संपला, पण आयसोसायनेटचा वास येण्याआधीच इजा झालेली असते, म्हणून तो फवारताना बाहेरून हवा देणारा मास्कच हवा. उघडलेला कार्ट्रिज रात्री हवाबंद डब्यात ठेवावा, तसाच उघडा राहिला तर वापराविनाच भरतो. वेल्डिंगचा धूर २०१७ पासून माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरला आहे, तेव्हा पोरांपैकी कोणी वेल्डिंगही करत असेल तर धूर ओढणारी नळी ठिणगीजवळ हवी.

प्रश्न : काही झालं तर तक्रार कुठे करायची? जळगावच्या कामगार कार्यालयात 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणाले. : भुसावळ

ते खरं बोलले, पण पुढचा पत्ता द्यायला हवा होता. तेलक्षेत्रासाठी सरकार म्हणजे केंद्र सरकार. मजुरी, कपात, ठेकेदार यांच्या तक्रारी केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे, त्यांच्या 'समाधान' पोर्टलवर करता येतात. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ कंपनीला द्यावी लागते. प्लॅटफॉर्म आणि रिगवरची सुरक्षा २००८ च्या समुद्री पेट्रोलियम सुरक्षा नियमांखाली तेल उद्योग सुरक्षा संचालनालय पाहतं. बार्ज हे जहाज, म्हणून ते नौवहन महासंचालनालयाकडे. आणि तोच माणूस उद्या अंकलेश्वरच्या जमिनीवरच्या विहिरीवर गेला तर खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे.

ही विभागणी कागदावर ठीक दिसते. पण ठेकेदाराचा फिटर दिवसा प्लॅटफॉर्मवर आणि रात्री बार्जवर झोपतो, त्याच्या झोपेचा, आवाजाचा, पाळीचा हिशेब कोणत्या वहीत? मे २०२१ च्या तौक्ते वादळात बुडालेल्या पी-३०५ बार्जवर २६१ माणसं होती, १८६ वाचली. बहुतेक ठेक्यावरचे, राहायला त्या बार्जवर होते. नियम सर्वांत विरळ आहेत ते याच जागी, असं आमचं ठाम मत आहे. राहण्याच्या बार्जला प्लॅटफॉर्मचेच आरोग्य-नियम लावल्याशिवाय हे सुधारणार नाही.

तोवर घरात एक वही ठेवा. त्यात बार्जचं आणि प्लॅटफॉर्मचं नाव, ठेकेदार, त्याच्या वरचा ठेकेदार, मूळ कंपनी, गेटपासचा फोटो, पीएफचा यूएएन क्रमांक आणि जाण्याची तारीख. पीएफच्या पासबुकात ज्याचं नाव दिसतं तो कायद्याने मालक असल्याचा चांगला पुरावा. ते दर तीन महिन्यांनी बघा, नाव न सांगता बदलतं. पीएफचा सभासद नोकरीत असताना गेला तर वारसाला विम्याचे सात लाखांपर्यंत मिळतात, पण वारस म्हणून नाव नोंदलेलं असलं तर ते सुरळीत मिळतात. बऱ्याच पोरांच्या खात्यावर लग्नानंतरही आईचंच नाव राहिलेलं असतं.

अपघाती मृत्यूची भरपाई वयावर ठरते. महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक, आणि मजुरी जानेवारी २०२० पासून १५,००० पर्यंतच धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक २०७.९८, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, १५,५९,८५० रुपये. ठेकेदार लाख-दोन लाख रोख घेऊन दारात आला आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागू लागला तर आधी हा गुणाकार करा. दावा वारस राहतो त्या भागातही लावता येतो, त्यासाठी मुंबईच्या खेपा घालायची गरज नाही.